तुम्ही स्वतः कशानं येता?

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी एचआरमध्ये आहे. हजेरी, रजा, कॅन्टीन, बसचे थांबे हे माझं काम. शिक्षण बी.कॉम. शाळा सुटल्यापासून कार्बन या शब्दाशी माझा संबंध आला नव्हता; तो गेल्या वर्षी एका तक्त्यामुळे आला. आमचा माल ज्यांच्या गाड्यांत बसतो त्या ग्राहक कंपनीनं सगळ्या पुरवठादारांना तो पाठवला होता. कारखान्यामुळे वर्षभरात किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, ते त्यात भरायचं होतं.

हे आत्ताच का, ते मेंटेनन्सच्या साहेबांनी समजावलं. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीनं २०२२-२३ पासून पर्यावरण आणि समाज यांचा हिशेब देणं सक्तीचं केलं आहे. युरोपात पोलाद किंवा ॲल्युमिनियम पाठवायचं तर १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यामागच्या कार्बनची माहिती द्यावी लागते. वर कुणी हिशेब मागितला की तो एकेक पायरी उतरत चाकणच्या शेडपर्यंत येतो. त्याचे तीन भाग असतात. स्वतः जाळलेलं इंधन हा पहिला, विकत घेतलेली वीज हा दुसरा, आणि उरलेलं सगळं तिसऱ्यात. या तिसऱ्याचे १५ प्रकार आहेत. त्यातला सातवा म्हणजे कर्मचाऱ्यांचं घर ते कारखाना येणं-जाणं. तो माझ्या टेबलावर आला.

आकडा भरणं एक वेळ जमलं असतं. पण साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी हा आकडा उतरलेला दिसला पाहिजे. लोकांना तयार करा." रजेचा अर्ज कसा भरायचा ते मी कुणालाही शिकवू शकते. माणूस आपली रोजची सवय सोडायला तयार कसा होतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सुरुवात प्रश्नावलीनं केली. कामावर कशानं येता, किती लांबून, गाडी सोडून बसनं यायला तयार आहात का, आणि असाल तर कशासाठी? शेवटच्या प्रश्नाला चार पर्याय होते: पर्यावरण, पैसे, वेळ, सहकारी येतात म्हणून. बहुतेकांनी पर्यावरणावर खूण केली. 'सहकारी येतात म्हणून' हा पर्याय जवळजवळ कुणीच निवडला नाही. मला फार बरं वाटलं. तरी पार्किंगमध्ये गाड्या होत्या तेवढ्याच राहिल्या, आणि बसच्या मागच्या सीट रिकाम्याच.

लोक खोटं बोलले असं मला वाटेना. मग वाचायला बसले. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या घरांमधल्या विजेच्या वापरावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तिथल्या लोकांनाही विचारलं होतं, वीज का वाचवता? पर्यावरण हे कारण सगळ्यांत वर होतं, शेजारी वाचवतात म्हणून हे सगळ्यांत खाली. पण कोण खरोखर किती वाचवतो हे ताडून पाहिल्यावर, शेजारी काय करतात याबद्दलच्या समजुतीशीच त्याचा सगळ्यांत घट्ट संबंध निघाला. आपण कशानं हलतो हे आपल्यालाच नीट ठाऊक नसतं. माझ्या प्रश्नावलीचा शेवटचा प्रश्न त्या दिवशी मी काढून टाकला.

त्यानंतर शिफ्ट बदलताना कॅन्टीनमध्ये छोट्या सभा घेतल्या. पृथ्वीचं तापमान, हरितगृह वायू, जमेल तसं सांगितलं. माणसं ऐकत होती. मग प्रेस शॉपमधले एक जुने कामगार, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, उठून म्हणाले, "मॅडम, सगळं पटलं. तुम्ही स्वतः कशानं येता?"

मी मोशीहून माझ्या स्कूटरवर येत होते. तसंच सांगितलं. अण्णा "बरं" म्हणून खाली बसले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पुढच्या सोमवारपासून मी स्कूटर सोडून कामगारांच्या बसनं यायला लागले, आणि जे कुठल्याही प्रश्नावलीत आलं नव्हतं ते मला त्या बसमध्ये कळलं.

पहिली शिफ्ट सुटल्यावर दहा मिनिटांत बस निघते. एवढ्यात पुढच्या माणसाला मशीन सोपवायचं, हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे. शिवाय ओटी, म्हणजे ओव्हरटाइम. ओटी आहे की नाही हे दुपारी दोनच्या सुमारास कळतं. ओटीला थांबलं की बस गेलेली असते, आणि रात्री चाकणहून भोसरी किंवा निगडीला पोचायचं म्हणजे तळेगाव चौकात उभं राहून मिळेल त्या सहाआसनीत बसायचं. आठवड्यात एक-दोनदा होणाऱ्या ओटीसाठी माणूस सहाही दिवस गाडी आणतो. हे आळसामुळे किंवा अज्ञानामुळे होत नव्हतं. रात्री घरी पोचण्याची हमी नाही, म्हणून माणसानं स्वतःच करून ठेवलेली ती तजवीज होती. अमेरिकेत काही शहरांत बसनं कामावर येणाऱ्याला अडचणीच्या दिवशी घरी सोडण्याची हमी देतात, असं वाचलं. तो कागद मी साहेबांपुढे ठेवला. ओटीवाल्यांसाठी रात्री एक ट्रॅव्हलर सुरू झाली. ती सुरू झाल्यावर बस भरायला लागली. माझ्या सभांनी ती भरली नव्हती.

बस भरणं का महत्त्वाचं, तेही मला गणित मांडल्यावरच कळलं. मोशी ते आमची कंपनी, जाऊन-येऊन २५ किलोमीटर धरू. मोटारसायकलचं ॲव्हरेज ५० धरलं तर अर्धा लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे दिवसाला एक किलोच्या थोडं वर. बस लिटरला चार किलोमीटर जाते, डिझेलच्या लिटरमागे २.७ किलो, म्हणजे तेवढ्याच अंतराला १७ किलो. तिच्यात ४० जण असले तर माणशी अर्ध्या किलोपेक्षा कमी. पण १५ जण असले तर हिशेब मोटारसायकलइतकाच येतो. अर्ध्याहून जास्त रिकामी बस चालवून आम्ही वर्षानुवर्षं कार्बन काहीच वाचवत नव्हतो. हे गणित बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला सांगितलं तर तो ऐकतो, प्रश्न विचारतो, पेट्रोलचे पैसे मांडून बघतो. कॅन्टीनमध्ये माईकवरून सांगितलेलं ऐकल्यावर तो टाळी वाजवतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण बाहेरचा माणूस ती विसरतो. हा पट्टा गाड्यांवर जगतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मग गाड्यांचे कारखाने, टेल्को आणि आकुर्डीत बजाज. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज सुरू झाल्या. आमच्या घरात सासऱ्यांच्या चेतकचा फोटो आहे, हार घातलेला, पाठीमागे चाळ. स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत, त्या काळातला. गावाकडून आलेल्या पोरानं पहिली गाडी घेतली की घरचे पेढे वाटतात. गाडी म्हणजे इथे आपण उभे राहिलो याची खूण आहे, आणि त्या गाडीचा कुठला तरी भाग आपणच बनवलेला असतो. अशा माणसाला 'गाडी सोड' म्हणताना आपण त्याच्याकडून काय मागतोय, याची जाण पाहिजे. ती नसेल तर बोलूच नये, असं माझं मत झालं आहे.

म्हणूनच विजेच्या स्कूटरची गोष्ट आमच्याकडे सोपी जाईल असं मला वाटलं होतं. त्यात मान जात नाही. बजाजनं १६ ऑक्टोबर २०१९ ला नवी, विजेवरची चेतक दाखवली, तेव्हा जुन्या माणसांना ती आपल्या घरातली वाटली. हिशेबही चांगला आहे. त्याच २५ किलोमीटरला चार्जिंगमधली गळती धरून युनिटच्या आतबाहेर वीज लागते. आपल्याकडची वीज बरीचशी कोळशाची, युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन. तरी पेट्रोलच्या मानानं निम्म्याच्या आसपास येतो. खिशातून तर पन्नासच्या जागी दहा रुपये जातात.

पण रांग लागली नाही. आमच्या लाइनवरची बरीच पोरं भाड्याच्या खोलीत राहतात. वीज मालकाच्या मीटरवर. मालक म्हणतो, पंखा आणि दिवा चालेल, गाडी चार्ज करायची नाही. त्याचंही चूक नाही. बिल वरच्या टप्प्यात गेलं तर तो कुणाकडे मागणार? घर स्वतःचं असलेले कामगार वेगळं बोलले: सरकार सबसिडी देतंय की काढतंय तेच कळत नाही. जून २०२३ मध्ये केंद्रानं ई-दुचाकीवरचं अनुदान बॅटरीच्या किलोवॉट-तासामागे १५ हजारांवरून १० हजारांवर आणलं आणि किमतीच्या ४० टक्क्यांची मर्यादा १५ टक्क्यांवर. मे महिन्यात देशात एक लाखावर ई-दुचाकींची नोंदणी झाली होती, जूनमध्ये ती निम्म्याखाली आली. महिन्याभरात माणसांचा पर्यावरणाचा विचार बदलला असेल का? हप्ता बदलला होता. पगारावर हप्ता बसवणाऱ्या माणसाला थोड्या सवलतीपेक्षा न हलणारा नियम जास्त उपयोगाचा असतो.

जिथे किंमतच खाली येते तिथे तर भाषणाची गरजच राहत नाही. एलईडी बल्ब सरकार २०१४ मध्ये नगाला ३१० रुपयांना घेत होतं, २०१६ पर्यंत तो ३८ ला मिळू लागला. आज आमच्या एकाही कामगाराच्या घरी पिवळा बल्ब नसेल.

मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते पंख्यानं. टूल रूममधला एक जण महावितरणचं बिल घेऊन आला आणि कैझेनच्या बोर्डाशेजारी पिनेनं टोचून गेला. कैझेन म्हणजे आमच्याकडे कामगारानं सुचवलेली छोटी सुधारणा. फोटो आणि नावासकट ती भिंतीवर लागते. हा माणूस कॉम्प्रेसरच्या हवेची गळती शोधून त्या बोर्डावर आधी आलेला. घरचे जुने पंखे ७५ वॉटचे, त्यानं बीएलडीसी बसवले, ३० वॉटच्या आसपासचे. बिलावर पेनानं गोल केला होता: युनिट शंभरच्या आत. घरगुती विजेचा दर शंभर युनिटनंतर एकदम चढतो, आणि 'शंभरच्या आत राहायचं' ही इथल्या घराघरातली बायकांची लढाई आहे. त्या बिलावर कार्बनचं नावही नव्हतं. दुपारच्या जेवणाला त्याच्याभोवती घोळका. कुठून घेतला, आवाज येतो का, रिमोट हरवला तर काय? महिन्याभरात त्याच्या लाइनवरच्या किती तरी घरांत तसे पंखे आले. माझं हिरव्या पानांचं पत्रक त्याच बोर्डावर होतं. ते कुणी वाचलं असेल तर पंख्याचं बिल बघायला आल्यामुळे.

हीच गोष्ट मग मला आमच्या सोसायटीत दिसली, आणि तेव्हा ती नीट उमजली. मोशीतली सात मजली इमारत, लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे. सामायिक बिल दरवर्षी वाढतंय. १३ फेब्रुवारी २०२४ ला जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला ३ किलोवॉटपर्यंत ७८ हजार अनुदान आहे, आणि सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॉटमागे १८ हजार. एका किलोवॉटला शंभरेक चौरस फूट गच्ची लागते, दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. हे सगळं मी वार्षिक सभेत तक्त्यावर मांडलं. सातव्या मजल्यावरचे काका म्हणाले, "गच्चीला भोकं पाडणार, पावसाळ्यात गळणार आमच्या घरात." तळमजल्यावरच्या काकूंना वाटत होतं, लिफ्ट आम्ही वापरतच नाही, पैसे का भरू? ठराव पुढे ढकलला.

मग आम्ही काहीच समजावलं नाही. रस्त्यापलीकडच्या सोसायटीत सोलर होतं. तिथल्या सेक्रेटरींना विचारून रविवारी सकाळी सगळ्यांना त्यांच्या गच्चीवर नेलं. काकांनी वाकून प्रत्येक पाया बघितला. तिथे पॅनल सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभे होते, स्लॅबला एकही भोक नव्हतं. गच्चीखाली राहणाऱ्या बाईंनी काकांना घरात नेऊन छत दाखवलं, चहा दिला. सेक्रेटरींनी आधीचं आणि नंतरचं बिल काढलं. ते हातोहात फिरलं. आमच्या काकूंनी विचारलं, "तुमच्या तळमजल्यावाल्यांनी पैसे भरले का?" तळमजल्यावरच्याच एक आजी पुढे येऊन म्हणाल्या, "भरले. आता मेंटेनन्स वाढवला नाही ना!" पुढच्या सभेत ठराव मांडला काकांनी.

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात ५८ गावांत सोलरचा प्रचार करणाऱ्या स्वयंसेवकांचा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये छापून आला. ज्या स्वयंसेवकांनी आधी स्वतःच्या घरावर सोलर बसवलं होतं, त्यांनी न बसवणाऱ्यांपेक्षा जवळपास ६३ टक्के जास्त घरं तयार केली. हे वाचताना मला प्रेस शॉपमधले अण्णा आठवले. त्यांनी कॅन्टीनमध्ये मला एका वाक्यात हेच विचारलं होतं. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. शंभरेक घरांचं गाव, सगळ्या घरांवर सोलर. बातमी वाचून लोक योजनेचं नाव विचारतात. मला वाटतं, विचारायचं असेल तर पहिली दहा घरं कुणाची होती ते विचारावं.

गोष्ट कामाची दिसली की पटते, हे मेट्रोतही दिसलं. ६ मार्च २०२२ ला पिंपरी ते फुगेवाडी ती सुरू झाली तेव्हा लोक पोराबाळांना घेऊन नुसते फिरायला जात. १ ऑगस्ट २०२३ ला ती सिव्हिल कोर्टापर्यंत आणि २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत गेली, तेव्हा त्याच लोकांना ती कामाची वाटू लागली. आमच्या चाकणवाल्यांना मात्र नाशिक फाट्याला उतरून पुढे बसच धरावी लागते.

आता ज्या गोष्टीनं मी सगळ्यांत जास्त गोंधळले, ती. आमचे निम्म्याहून जास्त कामगार कंत्राटी. लातूर, नांदेड, परभणी, बुलढाण्याची पोरं, काही उत्तर प्रदेश-बिहारची. महाळुंगे, निघोजे, कुरुळी इथल्या खोल्यांत चार-पाच जण मिळून राहतात आणि कामावर चालत येतात. कंपनीची बस कायम कामगारांना आहे, यांना नाही. माझ्या तक्त्यात यांच्या नावापुढे शून्य होतं. कार्बन कमी करण्यात आमच्या कंपनीत यांच्यापुढे कुणी नव्हतं, आणि मी यांनाच कॅन्टीनमध्ये बसवून कार्बन कमी करा म्हणून सांगत होते. भारतात माणशी वर्षाला २ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाची सरासरी पावणेपाचच्या घरात आणि अमेरिकेत १४. या पोरांचा आकडा त्या दोनच्याही पुष्कळ खाली असणार. तो त्यांनी निवडलेला नाही. रात्रीच्या शिफ्टला ट्रेलरच्या रांगांमधून, रस्त्याच्या कडेच्या चिखलातून ते चालतात, कारण दुसरं काही नाही. पहिले पैसे साठले की ते सेकंडहँड गाडीसाठी जातात. जायलाच हवेत.

मी साहेबांकडे मागणी मांडली, यांना बस द्या. त्यांनी तक्ता बघितला. "हे चालत येतात तर शून्य आहे. बस दिली की आपला आकडा वाढेल." बरोबर होतं. मी म्हटलं, "वाढू द्या. दोन वर्षांनी यातल्या प्रत्येकाकडे गाडी असेल, तेव्हा किती वाढेल ते मी काढून आणलंय." शून्य दिसतंय म्हणून माणसाला चिखलात चालायला लावणारा हिशेब मला मान्य नाही, हेही बोलले. ते थोडा वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, महिनाभर चालवून बघू.

थांबे ठरले आहेत: निघोजे, महाळुंगे, कुरुळी. पहिल्या आणि दुसऱ्या शिफ्टला बस, ओटीसाठी तीच रात्रीची ट्रॅव्हलर. अण्णा स्वतःहून म्हणाले, पहिल्या आठवड्यात ते निघोजेच्या थांब्यावर उभे राहतील, पोरांना वेळ समजावी म्हणून. लाइन तीनवरच्या लातूरच्या एका मुलानं पाडव्याला गाडी घेतली, पेट्रोलचीच. त्याच्या खोलीतल्या बाकीच्यांनी बसच्या यादीत नाव दिलं आहे. त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, पहिला आठवडा बस वेळेवर येते का बघतो, मग सांगतो."